मालेगाव: बदनामीचा पत्ता चुकलाय

नोव्हेंबर 2023 मध्ये मालेगावच्या एका सिनेमागृहात ‘टायगर 3’च्या चालू खेळात काही प्रेक्षकांनी रॉकेट आणि फटाके उडवले. लोक खुर्च्या ओलांडून पळाले, ती चित्रफीत देशभर फिरली, गुन्हाही दाखल झाला. नाशिकच्या आमच्या पेढीवर त्या दिवशी एकच शेरा ऐकू आला, “मालेगावच ते, दुसरं काय होणार!” फटाके उडवणारे मूर्खच होते, त्यात वाद नाही. पण हाच प्रकार पुण्यात झाला असता तर ‘चार टारगट पोरं’ म्हणून विषय मिटला असता. मालेगावात चार पोरं चुकली की गाव चुकते.

कापडाच्या व्यवहारामुळे या गावाशी माझा जुना संबंध. निघताना घरचे अजूनही “जपून जा” म्हणतात. मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगावाइतकीच, किंवा जास्तच, जपून जाण्यासारखी गावे आहेत. त्यांच्यासाठी ही सूचना येत नाही.

मोसम नदीने गाव दुभागले आहे. एका अंगाला कॅम्प आणि संगमेश्वर, दुसऱ्या अंगाला नारोशंकर राजेबहाद्दरांचा भुईकोट किल्ला आणि त्याच्याभोवती दाटलेली जुनी वस्ती. 1818 मध्ये याच किल्ल्यातल्या अरब शिबंदीने इंग्रजांना चांगलेच झुंजवले होते. पुढे 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडचे मोमीन अन्सारी विणकर हातमाग घेऊन इथे आले आणि स्थिरावले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. आज गावात दोन लाखांहून अधिक माग असल्याचे सांगितले जाते. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे बहुतेक घरांचा दाणापाणी या ना त्या वाटेने मागाशी बांधलेला.

जुन्या वस्तीत शिरले की आधी आवाज भेटतो. गल्लीतल्या भिंतीसुद्धा धडधडतात. पत्र्याच्या शेडमध्ये एकेक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो: धोट्यातली कांडी संपली की बदलायची, ताण्याचा धागा तुटला की गाठ मारायची, तोवर तिसरा माग थांबलेला असतो. बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. वीज गेली की मीटर थांबतात, मजुरीही थांबते. बायका घरी कांड्या भरतात. विणलेले ग्रे, म्हणजे कोरे, कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जाते आणि तिकडून दुसऱ्याच कुणाच्या नावाने बाजारात येते. आपल्या अंगावरच्या अस्तरात, परकरात, उशीच्या अभ्ऱ्यात मालेगाव असू शकते; ते कळायला मार्ग नाही.

बाहेरच्यांना हे गाव हिंदू-मुसलमानांच्या भांडणाचे म्हणून ठाऊक आहे. व्यवहार मात्र वेगळा आहे. सूत पुरवणारे आणि ग्रे उचलणारे व्यापारी बरेचसे मारवाडी, मागवाले बरेचसे अन्सारी. एकाची उधारी दुसऱ्याच्या वहीत. गावाबाहेर पडले की कसमादे पट्ट्यातला कांदा आणि डाळिंब सुरू होते. शेतकऱ्याची खरेदी गावात, गावाची भाजी शेतकऱ्याकडून. या साखळीत दोन दिवस संचारबंदी परवडत नाही. दंगली झाल्याच नाहीत असे नव्हे. 2001ची दंगल आणि पोलिसांचा गोळीबार लोक विसरलेले नाहीत. पण एका मागवाल्या चाचांनी मला चहा ओतता ओतता जे सांगितले ते कोणत्याही सलोखा समितीच्या ठरावापेक्षा मला जास्त पटते, “भाई, झगडा करेंगे तो सूत कौन देगा?”

आता बॉम्बचे. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बारात. दुपारच्या नमाजानंतर हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. सुरुवातीला पकडले गेले ते मुसलमान तरुणच. त्यांतल्या बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली, 2011 मध्ये जामीन मिळाला, आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. एकजण तो दिवस पाहण्याआधीच वारला होता. 29 सप्टेंबर 2008 रोजी, रमजानमध्ये, भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण ठार, शंभरच्या आसपास जखमी. त्या खटल्यातल्या सातही आरोपींची 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, मृतांच्या नातेवाइकांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. कोर्टाचे काम कोर्ट करील. माझा मुद्दा साधा आहे. दोन्ही वेळा मेले ते मालेगावकर, जखमी झाले ते मालेगावकर, आणि ‘स्फोटांचे गाव’ हा डागही मालेगावच्याच कपाळी.

याच गावाची दुसरी ओळख सिनेमाची. गुरुवारी मजुरी, शुक्रवारी माग बंद, मग जायचे कुठे? व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी या प्रेक्षकांसाठी स्वतःच चित्रपट काढायला घेतले. पन्नासेक हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ झाला. कलाकार सगळे गावातलेच. कॅमेरा फिरवायला सायकल, उंचावर न्यायला बैलगाडी. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना नायक निवडला तो शफीक, मागावर काम करणारा काटकुळा माणूस. त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, तो जगभर पाहिला गेला. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. 2025 मध्ये याच मंडळींवरचा रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला तेव्हा आमच्या पेढीवरच्या शेरेबहाद्दरांनीही तो पाहिला आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा “जपून जा” सुरू.

पुस्तकांचे तर कुणाच्या गावीही नसते. डिसेंबर 2021 मध्ये इथे राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला आणि एक कोटीहून अधिक रुपयांची पुस्तके विकली गेली. मीटरवर मजुरी मिळणाऱ्यांच्या गावात, कोरोनाने कंबर मोडल्यानंतर. आपल्या साहित्य संमेलनांच्या ग्रंथविक्रीवर अग्रलेख येतात. या मेळ्याची मराठी वाचकाला कितपत खबर मिळाली?

कोरोनाचीही तीच कथा. एप्रिल 2020 मध्ये मालेगाव हॉटस्पॉट झाले तेव्हा सगळ्या वाहिन्या तिथे होत्या. दाट वस्ती, बंद पडलेले खासगी दवाखाने, मधुमेह-हृदयविकाराचे उपचाराविना गेलेले रुग्ण, हे सारे खरे होते. काही आठवड्यांत साथ ओसरली, तेव्हा ‘मालेगाव पॅटर्न’ म्हणून चार दिवस कौतुक झाले आणि मन्सुऱ्याच्या युनानी महाविद्यालयाचा काढा बाहेरगावी जाऊ लागला. काढ्याने कोरोना बरा होतो याला पुरावा नाही, मीही तो चव म्हणूनच घेतला. साथ हटली ती लोकांना विश्वासात घेऊन केलेल्या कामामुळे, असे मला वाटते.

मालेगावला नावे ठेवायचीच असतील तर कारणे भरपूर आहेत. मोसम नदी नदी राहिलेली नाही, गटार झाली आहे. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या, बॉयलरमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होतात. हिवाळ्यात सकाळी तो धूर घशात उतरतो. कामगाराला ना भविष्य निर्वाह निधी ना आजारपणाची रजा. जुन्या मागांच्या जागी नवे आणायला भांडवल नाही आणि कर्ज मिळवणे सोपे नाही. ही दुखणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. यावर रागवा, आमदारांना विचारा, महापालिकेला धारेवर धरा. पण या गोष्टींसाठी मालेगाव बदनाम नाही, आणि म्हणूनच त्या सुधारत नाहीत. ज्या गावाला सरकार फक्त बंदोबस्ताच्या नजरेने पाहते तिथे राखीव पोलीस दल वेळेवर पोहोचते, सांडपाणी प्रकल्प पोहोचत नाही.

जाऊन पाहायचे असेल तर नाशिकहून एसटीने अडीच-तीन तास पुरतात. माग पाहायचे असतील तर शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी जा, कारखान्याच्या दाराशी विचारलेत तर बहुधा आत बोलावतील. माणसे निवांत भेटायला हवी असतील तर शुक्रवारच बरा.