उदाहरणार्थ, ‘कोसला’

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली निघाली. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकायला जातो, बापाचा पैसा उधळतो, हात हलवीत गावी परततो. आणि ही सारी निराशा वाचकाला हसवीत सांगतो! कित्येकांना ते थोर वाटले, कित्येकांना निव्वळ रडगाणे. कॉलेजातली पोरे मात्र उठता-बसता ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’ म्हणू लागली.

आमच्या घरातही दोन तट आहेत. नांदेडची अक्का मेसची पाने वाचताना पोट धरधरून हसली. पण धाकटी मनी देवीने जाते तिथे तिने पुस्तक मिटले, ते दोन दिवस उघडले नाही. लातूरच्या दादाने मात्र ते बारावीतल्या लेकाच्या उशाखालून काढून कपाटात घातले. “वाया जाण्यात गंमत वाटू लागली, तर क्लासची फी कशाला भरायची?” म्हणाला. दादाचे मला नवल वाटत नाही. बापाच्या बाजूने वाचली, म्हणजे या कादंबरीतले हसू पुष्कळच आटते.

परवा पुतण्याचा फोन आला. “काका, अभ्यास वगैरे चालू आहे.”

त्या ‘वगैरे’वरून मी काय ते ओळखले. दादाला अजून बोललो नाही.