विषयाच्या रकान्यात विषयच लिहा

आष्टी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणती आष्टी? बेचाळीसच्या लढ्यातली वर्धा जिल्ह्यातली. १८१८ साली बापू गोखले जिथे धारातीर्थी पडले, ती मोहोळ तालुक्यातली. एक गडचिरोलीत, एक जालन्यातल्या परतूर तालुक्यात. आमची बीड जिल्ह्यातली, आणि पाकिटावर ती ओळखू येते पिनकोडमुळे : ४१४२०३. बीड शहराचा पिन ४३१ने सुरू होतो, आमचा मात्र नगरसारखा ४१४ने. जिल्हा बीड असला तरी टपालाच्या वर्गीकरणात आम्ही नगरच्या बाजूचे. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोडची ही पद्धत सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिपींतले पत्ते, चुकीची स्पेलिंगं, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. आतलं पत्र न उघडता ते कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं हे कळतं.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. आवक-जावक माझ्याकडे. आता कागद कमी आणि ई-मेल जास्त, आणि वेलणकरांची आठवण मला रोज या ई-मेलच्या यादीपुढेच होते. कारण तिथे विषयाच्या रकान्यात काय असतं? ‘अतितातडीचे’. खाली पुन्हा ‘अतितातडीचे’. त्याखाली ‘अत्यंत महत्त्वाचे, कालमर्यादित’. कधी रकाना कोराच. पत्राचा खरा विषय जोडलेल्या स्कॅनमध्ये ‘विषय :-’ पुढे व्यवस्थित लिहिलेला असतो, पण तो उघडल्याशिवाय दिसत नाही. एकदा पोषण आहाराची माहिती त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत मागणारं पत्र अशा ढिगात पडून होतं. आमच्या शिपाईमामांना दुपारी दुसऱ्या शाळेतून कळलं म्हणून निभावलं. सगळंच तातडीचं म्हटल्यावर तातडीचं काहीच उरत नाही.

तेव्हा मी जीमेलमध्ये लेबलं केली आणि फिल्टर लावले. ज्यांचा पत्ता एकाच कामासाठी आहे, त्यांचे मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून बिनचूक वेगळे झाले. तिथे विषयाला हात लावायची गरजच नव्हती. अडलं ते एका पत्त्यावरून वेतन, शिष्यवृत्ती, यू-डायस, इमारत दुरुस्ती असं सगळं पाठवणाऱ्यांपाशी. शब्दावर फिल्टर लावावा, तर एकच गोष्ट कधी ‘पोषण आहार’, कधी ‘शा.पो.आ.’, कधी ‘एमडीएम’. यंत्राला हे तीन वेगळे विषय. स्मरणपत्राचं आणखी एक. मूळ विषयाच्या आधी ‘स्मरणपत्र क्र. २’ जोडलं की विषय बदलला असं समजून जीमेल ते जुन्या पत्रांपासून तोडून वेगळं ठेवतं. ज्याचं स्मरण करून द्यायचं, तेच पत्र शेजारी सापडत नाही.

आमच्या संस्थेच्या शाखा बऱ्याच. मुख्य कार्यालयानेही सुधारणा म्हणून प्रत्येक मेलच्या विषयाआधी कंसात संस्थेचं पूर्ण नाव घालायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण शिक्षक मेल बघतात मोबाइलवर, आणि त्या पडद्यावर पहिले चार-पाच शब्द मावतात. सगळ्या मेलवर संस्थेचं नाव तेवढं दिसायचं, विषय कापलेला. एक बाई मला म्हणाल्या, “ताई, नाव तर पाठवणाऱ्याच्या जागी आहेच की, परत कशाला?” त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पाठवणारा कोण, हे पाकिटावरचं काम आहे. ते विषयाच्या रकान्यात आणलं की विषयाची जागा जाते.

लिपिकांच्या बैठकीत मी हे मांडलं. काही जणांना वाटत होतं, विषयाआधी कुठलाच ठरावीक शब्द नको, ज्याने त्याने आपल्या समजुतीने लिहावं. मला ते पटत नाही. शंभर हातांनी लिहिलेलं एका यंत्राने निवडायचं असेल, तर शब्द ठरवावेच लागतात. पिनकोडच्या आकड्यांत कुणी आपल्या मनाची भर घालत नाही, म्हणून तर तो चालतो. शेवटी मोजकेच शब्द ठरले : वेतन, शिष्यवृत्ती, पोषण आहार, यू-डायस, परीक्षा, इमारत. त्यातला एक शब्द सुरुवातीला, मग काय हवं आहे, मग शेवटची तारीख. संस्थेचं नाव काढलं. यादी छापून प्रत्येक शाखेच्या टेबलावर लावली.

आता संस्थेकडून येणारा मेल असा दिसतो : ‘शिष्यवृत्ती – आठवीची नावे – १२ तारखेपर्यंत’. मुख्याध्यापक सरांना उघडून दाखवावा लागत नाही, वर्गशिक्षकाकडे थेट जातो. बाहेरून येणाऱ्या पत्रांची स्थिती तशीच आहे, ती अजून मी एकेक उघडूनच लावते.

जे कुणी कार्यालयातून शाळांना, ग्रामपंचायतींना, दवाखान्यांना एकगठ्ठा मेल पाठवतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : ‘अतितातडीचे’ पुसा, त्या जागी कामाचा एक शब्द लिहा, आणि दर वेळी तोच लिहा.