शुद्ध नाचणीचं घावन

नातीला सीलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं आणि कणीक, रवा, मैदा सगळंच तिच्या ताटातून गेलं. मुलगा-सून तिच्या काळजीत. काळजी मलाही होती, पण त्याखाली एक वेगळीच धास्ती होती. माझ्या रविवारच्या नाचणीच्या घावनांचं नात्यागोत्यात नाव आहे, आणि त्या ‘शुद्ध नाचणी’त मी वर्षानुवर्षं मूठभर कणीक घालत आले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

कणीक कशाला, हे तव्यापुढे उभं राहणारीला सांगायला नको. आता तिच्याविना करायचं, तर घोडं अडतं ते घावन उचलण्यापाशी. तांदळाचं घावन कधी काढायचं ते रंगच सांगतो. नाचणी कच्ची तपकिरी, शिजली तपकिरी, करपायला लागली तरी तपकिरीच! घाईने कालथा सारला की घावन मधोमध फाटलंच.

त्यात तवाही नवा. जुना बिडाचा तवा पोळ्या-थालीपिठांनी मुरलेला. तो कितीही घासला तरी गहू गेला याची खात्री कोण देणार? नातीसाठी वेगळा आणला, आणि नवं बीड कसं छळतं ते ज्याचं त्याला ठाऊक. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले कोण जाणे, म्हणून नाचणी घरीच मिक्सरवर फिरवून चाळते. आणि चटणीच्या फोडणीतला हिंग! डबीवरचे घटक वाचले तर त्यात गव्हाचं पीठ. इतकी वर्षं मी हिंगाला फक्त हिंगच समजत होते.

शेवटी आंबिलीने हात दिला. थोडं पीठ पाण्यात शिजवायचं, गार करून उरलेल्यात कालवायचं. शिजलेल्या पिठाचा चिकटा घावन धरून ठेवतो, शिवाय नाचणी पातेल्याच्या तळाशी बसत नाही. मात्र जरा जास्त झाली की जाळी गायब, आणि जाळी नसेल तर त्याला घावन म्हणू नये. उचलायची वेळ मी आता चकाकीवरून ओळखते. झाकण काढलं की वरचा भाग ओला चमकत असतो. ती चमक कडेकडून विझत मध्याकडे येते. मध्यावर रुपयाएवढी उरली की कड आपणहून नखाएवढी सुटते. तेव्हाच कालथा घालायचा. ती पुरती विझू दिली तर घडी घालताना मोडतं. आणि या अवघ्या काही क्षणांत नेमकं कुणीतरी विचारतं, “आई, चटणी कुठेय?”

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून नाचणीला फारच भाव आलाय. आमच्या भागातल्या एका कॅफेत ‘मिलेट पॅनकेक’ मिळतो: बोटभर जाड, वर केळं आणि मध. मी मुद्दाम जाऊन खाल्ला. मऊ होता, हे मान्य करते. पण आत काय काय आहे विचारलं, तर पोऱ्या सहज म्हणाला, “थोडा मैदा असतोच, काकू.” मी पर्स उचलली. रागावायचा मला अधिकार नव्हता, तरी रागावले.

सून म्हणते, “आई, एवढा आटापिटा कशाला? निम्मं तांदळाचं पीठ घाला. त्यात कुठे ग्लूटेन आहे?” अगदी बरोबर बोलते ती. नातीला ते चालेल, घावन सुरेख सुटेल, जाळी पडेल. मी तिला 100 ग्रॅम नाचणीतलं साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम ऐकवते. ते खरं आहे, पण माझं कारण ते नव्हे. इतकी वर्षं जे नुसतं म्हणवून घेतलं, ते एकदा खरोखर करून दाखवायचंय.

येत्या रविवारी विहीणबाई यायच्या आहेत. तांदळाचं पीठ मी काढून ठेवलंय, फडताळात, डाळींच्या डब्यांमागे.