आर्वीच्या स्वयंपाकघरासाठी

वर्धा

तीर्थरूप दादा व वहिनींस,


वादळात छप्पर गेलेले घर पुन्हा उभे करताना स्वयंपाकघरातील यंत्रांचा विचार सर्वांत शेवटी आणि उरलेल्या पैशांतून केला जातो. वस्तुतः वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जेथे मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो आणि त्याच दिवसांत अवकाळी वादळ विजेचे खांब आडवे करते, तेथे ही निवड वायरिंगबरोबरच, भिंतींना गिलावा चढण्यापूर्वी व्हावी लागते. शासकीय मदतीचा आधार या कामी अल्पच आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत घर पूर्णतः पडलेल्या कुटुंबास कपड्यांसाठी 2,500 आणि भांडी व घरसामानासाठी 2,500 रुपये धरलेले होते. तलाठ्याने पंचनाम्यात फ्रिज नोंदविला, तरी या रकमेत तो येत नाही.

म्हणून पहिला खर्च यंत्रांवर न करता त्यांच्या पाठीशी असलेल्या विजेवर करावा. वादळानंतर घरोघरी यंत्रे जळतात, त्यामागे पुष्कळदा आकाशातील वीज नसून तुटलेला न्यूट्रल असतो. वस्तीला येणारा पुरवठा तीन फेजांचा असतो; प्रत्येक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तार, यांच्यात 230 व्होल्ट असतात, तर दोन फेजांमध्ये सुमारे 400. फांदी पडून न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजांवरील घरे एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात त्या क्षणी वापर कमी असेल, त्या घराच्या वाट्याला अधिक व्होल्ट येतात. एकटा फ्रिज चालू असलेले घर अशा वेळी सर्वाधिक धोक्यात असते. नेहमीचा एमसीबी प्रवाह वाढल्यावर तुटतो, व्होल्ट वाढल्यावर नव्हे, त्यामुळे तो येथे पुरेसा ठरत नाही. मीटरनंतर व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण बसवावे लागते. त्याच्या जोडीला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. बाहेर गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक दिसताच, म्हणजे वीज माणसाच्या शरीरातून वा ओल्या भिंतीतून झिरपू लागताच, तो पुरवठा बंद करतो. अर्थिंगकडेही आर्वीत विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तिकडची भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या सळईशी तिचा संबंध सैल होतो आणि खड्ड्यात पाणी घातले नाही तर अर्थिंग केवळ नावापुरते उरते.

फ्रिजची निवड क्षमतेच्या लिटरांवरून आणि ताऱ्यांवरून करण्याचा प्रघात आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना 2006 पासून चालू आहे आणि तिचा उपयोग निर्विवाद आहे; परंतु तारे विजेचा खप सांगतात, सोसण्याची ताकद सांगत नाहीत. त्यासाठी यंत्रावरील माहितीपट्टीवर बहुधा नोंदलेला हवामानवर्ग पाहावा. ‘एसटी’ वर्गाचा फ्रिज भोवतालच्या 38 अंशांपर्यंत आणि ‘टी’ वर्गाचा 43 अंशांपर्यंत नीट चालेल, अशा हिशेबाने बनविलेला असतो. टिनाच्या छपराखालील खोली दुपारी बाहेरच्या हवेहूनही तापते, तेव्हा ‘टी’ वर्गाचे यंत्रसुद्धा तेथे मर्यादेपलीकडे राबते. टिनाऐवजी कवेलू किंवा स्लॅब शक्य नसेल तर टिनाखाली छत घालावे, आणि फ्रिज पश्चिमेच्या भिंतीस न टेकविता मागे हवा खेळेल एवढी जागा ठेवून उभा करावा. पावसात भिजलेला जुना फ्रिज केवळ वाळवून पुन्हा लावणे मात्र धोक्याचे आहे. मेगर नावाच्या मापकाने त्याचे विद्युतरोधन तपासून घेतल्याखेरीज त्यास वीज देऊ नये.

इंधन एकच असू नये. 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह ओढते, म्हणून तिला 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते. शिवाय ती चुंबकीय क्षेत्राने थेट भांडेच तापवीत असल्याने चुंबक चिकटेल असेच भांडे तिच्यावर चालते, आणि घरातील पितळी पातेली व साधी अ‍ॅल्युमिनियमची भांडी बाजूला पडतात. खांब पडल्यावर ती निरुपयोगी ठरते, आणि ज्वारीची भाकर फुगविण्यास ज्योतच लागते. गॅस शेगडी त्यामुळे मुख्य राहावी आणि इंडक्शन तिच्या मदतीस असावी. भारतीय मानकानुसार घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळालेल्या गॅसच्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष भांड्यास मिळणारा भाग, किमान 68 टक्के असावी लागते. आयएसआय चिन्ह पाहून घेतले की ही खात्री होते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून वरच्या झरोक्याबरोबर फरशीलगतही हवेला वाट ठेवणे आवश्यक आहे. गवंडी ती बहुधा विसरतात.

स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीचा आणि डोळ्यांचा विचार वर्धा जिल्ह्यास नवा नाही. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालले, आणि धूर नळीवाटे बाहेर नेणारी मगनचूल तेथूनच ओळखली जाऊ लागली. यंत्राच्या किमतीआधी त्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार करणारी ती दृष्टी आज ओट्याची उंची ठरवितानाही लागू पडते. ती उंची गवंड्याच्या सवयीने न ठरविता वहिनींच्या कोपरापासून चार बोटे खाली धरावी, आणि शेगडी, फ्रिज व सॉकेट यांच्या जागाही त्यांनीच खडूने आखून द्याव्यात.

मिक्सर सध्या नवा घेण्याचे कारण दिसत नाही. जुन्याचे वाइंडिंग भिजले असल्यास ते रिवाइंड करून घेता येते, आणि त्यातून वाचणारी रक्कम व्होल्टेज तोडणाऱ्या उपकरणाकडे वळविता येईल. गिलावा सुरू होण्यापूर्वी वायरमनला बोलावून त्याचा अंदाज पत्राने कळवावा, म्हणजे उरलेल्या पैशांची व्यवस्था येथून करता येईल.

आपला धाकटा भाऊ