गुशैणीहून आचऱ्याला

गुशैणी, 26 ऑक्टोबर 2023

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव आणि सूनबाई काल रात्री इथे पोचले. दोघंही खुशाल, एकाची कंबर धरली आहे आणि एकीचं डोकं अजून उतरलेलं नाही. (चिडलात की तुम्ही आईला ‘तुझे चिरंजीव’ म्हणून सुनावता, म्हणून पत्रांतही तेच नाव चालू ठेवलंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलला तुम्ही हात लावत नाही, तेव्हा टपाल.) पायाचं प्लॅस्टर कधी काढणार ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि काढलं की लगेच खाडीवर पळू नका.

कंबर बसने धरली, डोकं एका माणसाने चढवलं. वाटेतल्या एका स्टँडवर खिडकीमागच्या साहेबांना चिरंजीवांच्या हातातली लांब नळी दिसली. “बंदूक है क्या?” उघडा म्हणाले, उघडली. आत चार तुकड्यांची गरवायची काठी. ती भर फलाटावर जोडायला लावली, स्वतः हलवून पाहिली, शेजारच्या दोघांना बोलावून दाखवली आणि एवढी करमणूक झाल्यावर सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. पन्नासच्या नोटेतून तीस रुपये परत यायचे. सुटे नाहीत म्हणे. बस हॉर्न वाजवतेय, कंडक्टर ओरडतोय आणि सूनबाई खिडकीसमोर ढिम्म उभ्या. तीस रुपये घेऊनच चढल्या. त्यानंतर बंजार येईपर्यंत त्या माणसाबद्दल त्या जे बोलल्या ते आईसमोर वाचण्यासारखं नाही.

कुल्लूचा दसरा राहिला. आपलं सोनं वाटून होतं त्या दिवशी तिथे तो सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. बसगाड्या तिकडेच भरून चालल्या होत्या, तेव्हा देवांच्या पालख्या फोटोतच पाहा.

थंडी मात्र सविस्तर सांगायला हवी. सकाळी चूळ भरली की दात स्वतंत्रपणे मोजता येतात. अंगावरची रजई इतकी जड, की कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. गिझर आहे; वीज नाही. वीज आली तेव्हा चिरंजीव आंघोळ उरकून, म्हणजे न करता, नाश्त्याला बसले होते. नाश्त्याला सिड्डू. आंबवलेल्या कणकेचा उंडा, आत अक्रोड आणि खसखस, वाफवून वर तूप ओतलेलं: आपल्या मोदकाचा डोंगरात वाढलेला दांडगा चुलतभाऊ. ऐंशी रुपयांना दोन. एक खाल्ला की दुपारचं जेवण नको होतं. चिरंजीवांनी दोन खाल्ले आणि दुपारी जेवलेही.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, हिमालयात गरवण्यासारखं असतं काय? ट्राउट असतो, आणि तोही इथला नव्हे. श्रीनगरात गालिच्यांचा धंदा करणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या साहेबाच्या खटपटीने विलायतेहून त्याची अंडी काश्मिरात आली. 1899 ची पहिली खेप फुकट गेली, 1900 ची जगली. काश्मिरातून 1909 मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने ती कुल्लूच्या मुलखात आणली. ट्राउटला थंडगार आणि सतत खळाळतं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि हा गुदमरतो. आपल्या खाडीत तासभरही टिकायचा नाही.

परवाना मिळाला. उद्यापासून नदीवर. डोळे मिटताहेत.

---

गुशैणी, 28 ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज कोजागरी. आईने दूध आटवलं असेल, शेजारचे सगळे ओट्यावर जमले असतील. इथे दूध आहे, चंद्रही आहे, पण बाहेर बसायची कोणाची छाती नाही. सूनबाई संध्याकाळपासून गप्प आहेत. त्यांना चारोळी आठवतेय. तेव्हा पत्र नदीबद्दलच.

सकाळी दोघं काठाने वर चालले होते. तीर्थन इथे फार रुंद नाही, पण आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. काठावर जुलैतल्या पुराने आणून टाकलेले ओंडके अजून पडलेत. तेवढ्यात वरच्या डोहाकडून त्या सगळ्या खळखळाटावर ताण करत आरोळी आली: “हात्तिच्या!”

एका मोठ्या दगडावर पांढरी टोपी, निळा स्वेटर आणि साठी ओलांडलेलं पोट घेऊन एक गृहस्थ उभे होते. मासा लागून सुटला होता. सूनबाईंनी खालून विचारलं, “केवढा होता?” त्यांनी मागे वळूनही न पाहता हात पसरून दाखवला, आणि मग मराठीत प्रश्न आलाय हे लक्षात आल्यावर दगडावरून घसरता घसरता वाचले.

भांडुपचे. निम्मं आयुष्य पवई तलावावर गळ टाकून बसण्यात गेलेलं. तिथे 1955 पासून गळकऱ्यांची मोठी संघटना आहे, तिचे जुने सभासद. नाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, “काय लावलंय?” नाव राहूनच गेलं, दोघं त्यांना पवईकाका म्हणताहेत. पवईच्या तलावात मगरी आहेत, पण पाणी बिचारं जागेवर असतं, इथे पाणीच अंगावर येतं, ही त्यांची तक्रार. रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लावून चार-चार तास बैठक मारणारा माणूस. इथे बसायची सोयच नाही. त्यांच्या दोरीला चकाकणारं, फिरणारं पितळी पान होतं. पाण्यातून ओढलं की ते लहान मासोळीसारखं लकाकतं आणि ट्राउट त्यावर धावतो.

गप्पा रंगल्या असताना खालच्या अंगाने एक बारीकसा माणूस वाकून वाकून आला. गावच्या शाळेत मास्तर आहेत, आज शनिवार म्हणून लवकर सुटलेले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य, “टोपी उतारिए.” पवईकाकांना अपमान वाटला. मास्तरांनी मग समजावलं. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून दगडामागच्या संथ पाण्यात उभा असतो; वरून वाहत येतं ते खातो. पाठीमागचं त्याला नीट दिसत नाही, समोरचं आणि वरचं मात्र लख्ख दिसतं. म्हणून जायचं ते खालून, मागून, वाकून. उंच दगडावर पांढरी टोपी घालून उभं राहणं म्हणजे आल्याची दवंडी पिटणं.

काकांनी टोपी खिशात घातली. टक्कल उघडं पडलं आणि तेही तितकंच चमकत होतं, पण त्यावर मास्तर काही बोलले नाहीत.

बाबा, आता हे नीट वाचा, कारण तुम्ही नाक मुरडणार हे ठाऊक आहे. मास्तरांच्या दोरीला ना कोळंबी, ना गांडूळ, ना शिसं. गरीवर नुसतं पीस बांधलेलं. त्याला माशी म्हणतात, आणि तिला वजनच नाही. तुम्ही शिसं फेकता आणि दोरी त्याच्यामागे जाते. इथे दोरीच जाड आणि वजनदार असते, तीच फेकायची आणि माशी मागून जाते. डोक्यावरून दोरी मागे न्यायची, ती पाठीमागे पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं, मग पुढे. त्या थांबण्यात सगळं आहे. घाई केली की चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून झाडावर बसते.

माशी कशाची, हे मास्तरांनी दाखवलं. काठाजवळचा ओंजळीत मावेल एवढा दगड उचलून उलटा केला. खाली बारीक वाळूच्या कणांच्या नळ्या चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या लांब. एक नखाने सोलली. आत फिकट हिरवी अळी, डोकं काळं. ही अळी तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण जोडते आणि स्वतःला घर बांधते. मोठी झाली की पंख फुटून वर येते. ट्राउट ती घरासकट गिळतो. मास्तरांनी डबी उघडली. कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाचे केस आणि दोरा यांतून त्यांनी तीच अळी बांधली होती, काळ्या डोक्यासह. पवईकाकांनी चष्मा लावून आधी दगडाकडे पाहिलं, मग डबीकडे, आणि पितळी पान मुकाट्याने पिशवीत टाकलं.

दुपारी मासा लागला तो सूनबाईंना. चिरंजीवांची माशी तेव्हा देवदारावर होती. मासा वीतभर, तपकिरी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. मास्तर पाण्यात उतरले, आधी हात भिजवले (कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो रोगाने मरतो), गरी सोडवली, प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरला आणि सोडून दिला.

पवईकाका कळवळले. “अहो, सोडला?”

रागावू नका बाबा, पण सूनबाई मास्तरांच्या बाजूने बोलल्या.

---

गुशैणी, 30 ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर काय असेल ते ठाऊक आहे: आमच्या खाडीत तांबोशी लागली तर ती घरी येते, पाटा-वरवंटा आधीच धुऊन ठेवलेला असतो, आणि पकडून सोडायचा तर गरवायला जायचंच कशाला? पवईकाका हेच दोन दिवस म्हणताहेत. पाहुणा मासा आहे, इंग्रजांनी आणला, त्याचे एवढे लाड कशाला? आपल्या महसीरचं काय? मग ते लोणावळ्याला जातात (बोलण्यात). तिथे वळवणला टाटांनी 1970 नंतरच्या काळात महसीरची पिल्लं काढायला सुरुवात केली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी अंडी फलवण्याचं तंत्र बसवलं, वगैरे. हा भाग ते अभिमानाने आणि रोज सांगतात.

मास्तर वाद घालत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की मासा पाहुणा असेल पण नदी इथलीच आहे. तीर्थनवर वीजप्रकल्प येणार होते, तेव्हा माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी कोर्टापर्यंत गेले. या ट्राउटच्या नावावर नदी अडवायची वाचली. बाकीच्या नद्यांवर बोगदे आणि बंधारे झाले. ही अजून वाहते, आणि तिच्यावर ही सगळी घरं पाहुणे ठेवून पोट भरतात. चिरंजीवांना हे पटलं. काकांना पटलं की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

काल हात हलवत परत येताना काकांनी जाहीर केलं की मासा खाल्ल्याशिवाय ते भांडुपला जाणार नाहीत. तळ्यात पाळलेला ट्राउट मिळतो. तो तपकिरी नसतो, दुसरा: अंगावर गुलाबी पट्टा असलेला, मूळ अमेरिकेचा. किलोला सहाशे. घरमालकिणीने मोहरीच्या तेलात तळला. मासा गोड, काटा कमी, पण मोहरीच्या वासापुढे कशाचं काही चालेना. तेव्हा पवईकाकांनी स्वेटरच्या आतून एक चपटी डबी काढली. मालवणी मसाला! आणि कागदाच्या पुडीत आमसुलं. त्यांची सासुरवाडी कणकवलीची, पत्नी त्यांना डबीशिवाय उंबरठा ओलांडू देत नाही. उरलेल्या दोन माशांचं कालवण सूनबाईंनी केलं. नारळ नव्हता, तिरफळं नव्हती, तांदूळ इथला लाल. मास्तरांना तिखटाने ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला. घरमालकिणीने वासानेच खिडकी उघडली. एवढ्या थंडीत!

उद्या शेवटचा दिवस. एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर इथे ट्राउट धरायला बंदी. थंडीत तो खडीत अंडी घालतो. मास्तरांनी काठी तेल लावून माळ्यावर ठेवायची तयारी केली आहे. काकांना मात्र उद्या एक तरी नदीतला हवाच आहे, टोपी घरी ठेवून. चिरंजीव त्यांच्यासोबत पहाटे निघतील. सूनबाई म्हणाल्या, त्या रजईतून बाहेर येणार नाहीत.

परवा निघणार. आईला सांगा, चकलीची भाजणी दळून आणली असेल तर सोऱ्याची तुटलेली कडी आधी दुरुस्त करून घ्या. दर वर्षी ऐन वेळी धावाधाव होते. घरपट्टीची पावती देवघराच्या खणात आहे. हे पत्र बहुधा चिरंजीवांनंतर पोचेल, तरी वाचून ठेवा.

ता. क. पवईकाका मे महिन्यात कणकवलीला येणार आहेत आणि तिथून आचऱ्याला, तुमच्याबरोबर खाडीत गरवायला. तुमचा पाय तोवर चालता होईल असं त्यांना सांगून टाकलंय. जे लागेल ते घरी आणणार, सोडणार नाही, ही त्यांची अट. रोज सकाळी नाश्त्याआधी दोनदा चहा लागतो आणि भाकऱ्या चार; आईला आत्ताच कल्पना द्या.