हिरवळीचं जावळ

लॉनमोअर हे यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने काढलं, तेही लोकरी कापडाची लव कातरणारं यंत्र पाहून. म्हणजे लव कातरायची, कापड नव्हे! आमचे शेजारी अप्पा मात्र हिरवळीचं थेट जावळच काढतात. पंधरा दिवसांवर लेकीचं लग्न, स्वागतसमारंभ ह्याच हिरवळीवर, आणि शेंडे सगळे पिवळे. अहो, एका वेळी उंचीचा फार तर तिसरा हिस्सा कापावा, तोही गवत कोरडं असताना. शिवाय बोथट पातं कापत नाही, ओरबाडतं. धार बघायची तर पात्यांत कागद धरून, बोटं सांभाळून, पाती हळूच फिरवायची; कागद कात्रीने कापावा तसा कापला गेला पाहिजे. अप्पांच्या यंत्रातून कालचा अग्रलेख नुसता चुरगळून बाहेर आला.

"अग्रलेखच जड होता हो," अप्पा म्हणाले.