न झालेल्या धावा

क्रम लावण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाचे नाव घेतले गेले आणि त्याच्या तोडीचा दुसरा कवी न आढळल्यामुळे शेजारचे बोट अनामिकाच राहिले, अशी कल्पना एका संस्कृत सुभाषितकाराने केली आहे. तिच्यातील चातुर्य बाजूला ठेवले तरी तिच्यात एक शहाणपण उरते. क्रम लावणाऱ्याने पहिले नाव कोणाचे घेतले, यापेक्षा दुसऱ्या बोटापाशी तो का अडखळला, हे पुष्कळदा अधिक बोलके असते.

क्रिकेटच्या रसिकाला फलंदाजांचा क्रम लावताना फारसे अडखळावे लागत नाही. धावा, सरासरी आणि शतके त्याच्या दिमतीला हजर असतात. गोलंदाजांच्या बाबतीत बळींची संख्या असते. मतभेद तेथेही होतात, नाही असे नाही. परंतु भांडणाऱ्या दोघांच्याही पायांखाली आकड्यांची भक्कम जमीन असते. क्षेत्ररक्षकांची यादी करायला घेतली की ही जमीन सरकते. सर्वांत थोर क्षेत्ररक्षक कोण, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस पुस्तक उघडत नाही. तो डोळे मिटतो आणि कधीतरी पाहिलेली, किंवा वडिलांच्या तोंडून ऐकलेली, एक धाव, एक झेप, एक फेक आठवू लागतो.

हा प्रश्न जेथे मोठ्या निकराने उभा राहिला, असे एक मैदान म्हैसुरात आहे. म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा आणि चंदनाचा सुगंध आठवतात. पण क्रिकेटच्या इतिहासातही या शहराची नोंद लहान नाही. भागवत चंद्रशेखर यांचा जन्म येथे 1945 मध्ये झाला. एरापल्ली प्रसन्न यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण येथेच पुरे केले. जवागल श्रीनाथही याच गावचे. शहराच्या एका अंगाला मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. 1969 मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था तेथेच आहे. विद्यापीठाच्या 'गंगोत्री ग्लेड्स' या मैदानावर जानेवारी 2010 मध्ये मुंबई आणि कर्नाटक यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने 233 आणि 234 धावा केल्या. पहिल्या डावात अवघ्या 130 धावांत बाद झालेल्या कर्नाटकापुढे 338 धावांचे लक्ष्य होते. मनीष पांडे यांनी 144 धावांची खेळी केली आणि अशक्य वाटणारा विजय हाताच्या अंतरावर आणून ठेवला. कर्नाटकाचा डाव 331 धावांवर संपला. मुंबई सहा धावांनी जिंकली.

सहा धावा म्हणजे काय? कव्हरमधून सुटलेला एक चौकार आणि एक दुहेरी धाव. चार डावांत मिळून दोन्ही बाजूंच्या क्षेत्ररक्षकांनी असे किती चौकार अडवले असतील, किती दुहेरी धावांच्या एकेरी केल्या असतील! त्यांतील कोणत्या सहा धावांनी करंडक मुंबईला नेला, हे गुणलेखकाच्या वहीतून कधीही कळणार नाही. त्या वहीत झालेल्या धावांना जागा आहे. न झालेल्या धावांना नाही. क्षेत्ररक्षकाची सारी कमाई मात्र न झालेल्या धावांचीच असते. झेल घेतला तर त्याचे नाव गोलंदाजाच्या नावाआधी लिहिले जाते, एवढाच त्याचा मान. धावबाद केले, तर जुन्या गुणपत्रिकांत तेही नाही. तेथे फक्त 'धावबाद' एवढाच शब्द आढळतो, जणू फलंदाज आपण होऊनच बाद झाला!

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला जातो. त्या खेळाच्या धावपत्रकाला रूप देणारे हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज. क्रिकेटचे वार्तांकन करता करता ते बेसबॉलकडे वळले. बेसबॉलच्या वहीत क्षेत्ररक्षकाची चूक त्याच्या नावावर मांडली जाते आणि त्याने बाद करण्यात उचललेला वाटाही मांडला जातो. मैदानाच्या खोल मध्यभागी उभा राहणारा 'सेंटर फील्डर' हा तेथील क्षेत्ररक्षकांचा राजा. या जागेवरचा श्रेष्ठ कोण, यावर तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. ट्रिस स्पीकर फलंदाजाच्या इतके जवळ येऊन उभे राहत की पाठीमागचे सारे मैदान मोकळे पडे. तरीही चेंडू डोक्यावरून गेला तर मागे धावून तो गाठण्याचा त्यांना भरवसा असे. जो डिमॅजिओ धावताना धावतो आहे असे वाटतच नसे, असे म्हणतात. आणि विली मेज यांनी 29 सप्टेंबर 1954 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर फलंदाजाकडे पाठ करून, कुंपणाच्या दिशेने धावत, खांद्यावरून आलेला चेंडू झेलला; त्या खेळाच्या इतिहासात तो झेल 'तो झेल' याच नावाने ओळखला जातो. पण गंमत अशी की बेसबॉलच्या सांकेतिक लिपीत सेंटर फील्डरचा क्रमांक 8 आहे. आणि सेंटर फील्डरने कोणताही उंच चेंडू झेलला, मग तो सहज हातात पडलेला असो वा मेज यांच्यासारखा आकाशातून खेचून आणलेला असो, वहीत तो 8 असाच उतरतो. म्हणजे हिशेब अधिक काटेकोर झाला तरी थोरवी त्याच्या फटींतून निसटायची ती निसटतेच.

क्रिकेटमध्ये सेंटर फील्डरच्या राजेपणाशी नाते सांगणारी जागा म्हणजे कव्हर. भारतीय क्रिकेटचा पहिला कसोटी सामना 1932 च्या जून महिन्यात लॉर्ड्सवर झाला, तेव्हा क्वालालंपूरला जन्मलेल्या लाल सिंग यांनी फ्रँक वूली यांना धावबाद केले आणि इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 झाली. भारतीय क्षेत्ररक्षणाची वंशावळ लिहायची तर तेथूनच सुरुवात करावी लागेल. पुढे पुण्याला जन्मलेले आणि बडोद्याकडून खेळलेले हेमू अधिकारी आले. सैन्यातल्या या अधिकाऱ्याने कव्हरमध्ये दाखवलेली चपळाई त्या काळी अपवादच होती. कारण पुष्कळ भारतीय फलंदाजांना क्षेत्ररक्षण हा फलंदाजीच्या बदल्यात भरावयाचा कर वाटे. त्यानंतर मन्सूर अली खान पतौडी. 1961 मधील अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने चेंडूचे अंतर जोखणे किती कठीण, हे ज्याने एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहिला असेल त्यालाच कळेल. तरीही कव्हरमधील त्यांचा वावर वाघासारखाच राहिला. त्यांच्यामागून कर्नाटकाचे ब्रिजेश पटेल यांनी ही जागा राखली.

या यादीत क्रम कसा लावावा? अधिकाऱ्यांनी वाचवलेल्या धावा पतौडींनी वाचवलेल्या धावांतून वजा करता येत नाहीत. चांगल्या क्षेत्ररक्षकाकडे चेंडू गेला की फलंदाज धावण्याचा विचारच सोडून देतो. म्हणजे क्षेत्ररक्षक जितका थोर, तितके त्याच्या हातून दिसण्याजोगे कमी घडते. पहाऱ्यावर जागा असलेला राखणदार दिसला की चोर वेशीवरूनच परततो. त्या रात्रीची हकिकत मग कोण लिहून ठेवणार?

आकड्यांनी थोडीफार साथ द्यावी असा भारतीय क्षेत्ररक्षक एकच, आणि तो कव्हरमध्ये नव्हे तर फलंदाजापासून दोन पावलांवर उभा राहत असे. एकनाथ सोलकर यांनी 27 कसोटी सामन्यांत 53 झेल घेतले. किमान 20 कसोट्या खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत प्रत्येक सामन्यामागे इतके झेल घेणारा दुसरा कोणी नाही. राहुल द्रविड यांचे 210 झेल हा अनेक वर्षे जागतिक विक्रम होता. 2025 मध्ये जो रूट यांनी तो मागे टाकला. परंतु द्रविड यांना ते झेल घेण्यासाठी 164 सामने मिळाले. शिवाय स्लिपमधला क्षेत्ररक्षक चेंडू पाहू शकतो. फॉरवर्ड शॉर्ट लेगवरच्या माणसाला चेंडूबरोबर बॅटचीही धास्ती असते. सोलकर तेथे शिरस्त्राणाशिवाय उभे राहिले.

त्यांच्या या जागेला अर्थ दिला तो म्हैसूरच्या चंद्रशेखर यांनी. बालपणी झालेल्या पोलिओमुळे चंद्रशेखर यांचा उजवा हात बारीक राहिला. त्याच हाताने ते वेगवान गोलंदाजासारखी धाव घेऊन लेगस्पिन आणि गुगली टाकत, आणि क्षेत्ररक्षण करताना चेंडू मात्र डाव्या हाताने फेकत. 23 ऑगस्ट 1971 रोजी ओव्हलवर त्यांनी 38 धावांत 6 बळी घेतले. इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला आणि अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. त्या संघाचे व्यवस्थापक होते हेमू अधिकारी. त्या डावात सोलकर यांनी चंद्रशेखर यांच्या चेंडूवर कीथ फ्लेचर यांचा झेल घेतला; आणि पहिल्या डावात 90 धावा काढणारे ॲलन नॉट वेंकटराघवन यांना खेळत असताना पुढे झेपावून, जमिनीला समांतर होऊन, त्यांचाही झेल टिपला. त्या झेलाचे छायाचित्र नंतर कितीतरी वर्षे पाहिले गेले.

त्याच डावातील आणखी दोन नोंदी वाचण्यासारख्या आहेत. जॉन जेमिसन धावबाद झाले. समोरच्या फलंदाजाने मारलेला चेंडू चंद्रशेखर यांच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला होता. गुणपत्रिकेच्या बळींच्या हिशेबात तो हात नाही. बेसिल डि'ऑलिव्हेरा यांचा झेल घेणाऱ्याची ओळख केवळ 'बदली खेळाडू' अशी आहे. भारताच्या सर्वांत प्रसिद्ध विजयांपैकी एका विजयाच्या कागदावर या दोन रिकाम्या जागा आहेत.

सोलकर यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. कुटुंब मैदानावरच्याच खोपटीत राहत असे. लहानपणी एकनाथ तेथील सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम करी. ज्या फलकावर क्षेत्ररक्षकासाठी एकही खाना नसतो, त्याचे आकडे हा मुलगा हाताने लावत होता आणि पुढे त्याच हातांनी त्याने जे केले, ते त्या फलकावर मावणार नव्हते. आपल्याकडील क्रिकेटमध्ये कष्टाची आणि मानाची कामे आरंभापासूनच वेगवेगळ्या हातांत होती. धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर साहेबांना सरावाची गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. 1911 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. संस्थानिक फलंदाजी करत, धावत दुसरे. क्षेत्ररक्षणाकडे दुर्लक्ष झाले, त्यामागे केवळ आळस नव्हता. राबणाऱ्याच्या कामाची मोजदाद न ठेवण्याची ही समाजाची जुनी सवयच होती.

आज परिस्थिती बदलली आहे. अनेक कॅमेरे प्रत्येक चेंडूचा माग काढतात, वाचवलेल्या धावा मोजल्या जातात आणि रवींद्र जडेजा यांच्या फेकीचे मोल पडद्यावर आकड्यांत दाखवता येते. उद्याच्या रसिकाला आपली यादी कदाचित अधिक निःशंकपणे करता येईल. पण मागे वळून मोजणी करण्याची सोय कोणत्याही यंत्रात नाही. लाल सिंग, अधिकारी, पतौडी यांनी अडवलेल्या धावा ज्यांनी पाहिल्या, त्यांच्याबरोबरच त्या सरत चालल्या आहेत. म्हणून जुन्या क्षेत्ररक्षकांचा क्रम लावणे हा रिकामटेकड्यांचा खेळ नाही. ज्याची नोंद झाली नाही त्याची साक्ष देण्याचा तो एकमेव मार्ग आहे, आणि साक्षीदाराने निदान स्पष्ट बोलावे ही अपेक्षा रास्त आहे.

स्पष्टच बोलायचे तर करंगळीवर एकनाथ सोलकर. केवळ 53 झेलांसाठी नव्हे. फलंदाजाने चेंडू रोखून पॅडपाशी मारावा आणि तो सुरक्षित समजावा, हा हक्कच त्यांनी हिरावून घेतला. चंद्रशेखर, प्रसन्न, बेदी, वेंकटराघवन यांच्या फिरकीला त्यांनी आणखी एक धार दिली. मध्यमेवर पतौडी, तर्जनीवर अधिकारी, अंगठ्यावर लाल सिंग, असा क्रम कोणी लावला तर तो बदलण्याचा अधिकार दुसऱ्याला आहेच; ब्रिजेश पटेलांसाठी भांडणारे म्हैसुरात पुष्कळ भेटतील, आणि त्यांनी भांडावेही. मात्र मधली अनामिका मोकळी ठेवावी. सुभाषितकाराला तेथे ठेवण्यास योग्य कोणी सापडला नव्हता. येथे योग्य माणसे होती, त्यांची नावे मात्र लिहिली गेली नाहीत.

चंद्रशेखर यांनी 58 कसोट्यांत 242 बळी घेतले. पुस्तकात तो आकडा त्यांच्या एकट्याच्या नावापुढे आहे आणि त्यात काही गैर नाही. पण सोलकर 2005 मध्ये मुंबईत वारले, तेव्हा त्या आकड्यातला काही वाटा मनोमन त्यांच्या नावे करणारे लोक दोन्ही राज्यांत होते. तो वाटा नेमका किती, हे कोणीही सांगू शकत नाही. तो होता, एवढे मात्र फॉरवर्ड शॉर्ट लेगकडे पाहून बॅट आखडून घेणारा प्रत्येक फलंदाज जाणत होता.